सरासरी तीच, पाऊस वेगळा : खान्देशात पूर आणि टँकर एकाच वर्षी का येतात?

जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर वर्षाला साधारण ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्री चढतानाच बरंचसं पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकून येतात. आपल्या वाट्याला उरलंसुरलं. नंदुरबारकडे अक्राणी-तोरणमाळच्या डोंगरात पावसाचा हात जरा सैल, एवढंच. असा हा मुळातच कमी पावसाचा मुलूख. तरी पावसाळ्यातली बातमी ठरलेली: अमक्या तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस, तमकी नदी बाजारपेठेत शिरली, गुरं वाहून गेली. आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच तालुक्यातून टँकरची मागणी. पाऊस लहरी झाला म्हणून आपण मोकळे होतो. पण या लहरीमागे बऱ्यापैकी सरळ हिशेब आहे, आणि तो दहावीच्या भूगोलाच्या फार पलीकडचा नाही.

आधी एक गोष्ट नोंदवून ठेवू. खान्देशाला पूर नवे नाहीत. १८२२ साली तापीला आलेल्या पुरात ६५ गावं पूर्ण आणि ५० गावं अर्धवट उद्ध्वस्त झाल्याची नोंद इंग्रज अमदानीत झालेली आहे. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा एकदमच फुगल्या. धुळ्यात सुमारे ५०० घरं गेली. म्हणून प्रत्येक पुराचं खापर हवामानबदलावर फोडणं बरोबर नाही. एकेका पुराला कारणं अनेक असतात: डोंगर, माती, पात्रातलं अतिक्रमण, धरणाचे दरवाजे. बदललेलं हवामान या सगळ्याच्या मुळाशी बसून आकडे हलवतं. पाऊस किती तासांत पडणार, कोणत्या महिन्यात पडणार, दोन पावसांच्या मध्ये किती दिवस कोरडे जाणार, हे त्यावर ठरतं. खान्देशात आज जे दिसतंय ते समजायचं असेल तर वर्षाची सरासरी बाजूला ठेवून या वाटणीकडे पाहावं लागतं.

हवा तापली की काय होतं

जलचक्राचं चित्र आपण सगळ्यांनी वहीत काढलंय. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, नदी आणि परत समुद्र. त्या चित्रात एक गोष्ट दाखवायची राहून जाते, ती म्हणजे तापमान. हवेत वाफ किती मावणार ते तापमानावर ठरतं. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. भौतिकशास्त्रातला हा नियम एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे आणि त्याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद नाहीत.

आता तापलंय किती? औद्योगिक युग सुरू होण्याआधीच्या मानाने पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढल्याचं आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, २०२१ च्या अहवालात सांगितलं. भारतापुरतं बोलायचं तर १९०१ ते २०१८ या काळात वाढ सुमारे ०.७ अंशाची. हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या भागाचा पृष्ठभाग मात्र १९५१ ते २०१५ या काळातच सुमारे एक अंशाने तापला. आपल्या पावसाची वाफ निघते ती याच पाण्यातून, अरबी समुद्र हा त्याचाच भाग.

सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. शंभर मिलिमीटरच्या जागी १०७ पडला तर काय बिघडलं? बिघडतं, कारण गोष्ट तिथे थांबत नाही. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता ढगाला आणखी वर चढवते, आणि वर चढणारा ढग खालून आणखी ओली हवा ओढून घेतो. त्यामुळे तासा-दोन तासांच्या जोरदार सरींमध्ये वाढ सात टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते. शिवाय पुराचा सगळा खेळ काठावरचा असतो. पात्रात मावतं तोवर कितीही पाणी येवो, गावाला त्रास नाही. काठाच्या वरचं वीतभर पाणीच दुकानात शिरतं, घरातलं धान्य भिजवतं. म्हणजे पाण्यातली वाढ थोडी असली तरी नुकसानीतली वाढ थोडी राहत नाही.

हाच नियम उलट्या बाजूनेही चालतो, आणि हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. गरम हवेत जास्त वाफ मावते याचा अर्थ ती हवा भरायलाही जास्त वाफ लागते. समुद्राकडचा ओला वारा थांबला की ही तहान भागणार कुठून? शेतातल्या ओलीतून, तलावातून, कापसाच्या पानापानातून. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तर आता कुणी दचकत नाही. पण खरा फटका बसतो तो जुलै-ऑगस्टच्या खंडात. पूर्वी पंधरा दिवसांचा खंड पडला तरी काळ्या जमिनीतली ओल पिकाला तारून न्यायची. आता त्याच पंधरा दिवसांत हवा जास्त ओल ओढते आणि दहाव्या-बाराव्या दिवशीच पीक माना टाकायला लागतं. जी हवा सप्टेंबरात पूर आणते तीच ऑगस्टात शेत वाळवते. पूर आणि दुष्काळ ही आपण दोन वेगळ्या खात्यांवर टाकलेली संकटं. त्यांचं मूळ मात्र एकच.

झड कुठे गेली?

कोणत्याही गावच्या ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पावसाळ्याची आठवण म्हणून ते झड सांगतील. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, सरपण ओलं, अंगावरचे कपडे वाळायचं नाव नाही, गोठ्यात चिखल. लोक झडीला वैतागायचे. पण विहिरी भरायच्या त्या झडीनेच.

आकड्यांत बघा. शंभर मिलिमीटर पाऊस सात दिवसांच्या झडीत पडला तर तासाला जेमतेम ०.६ मिलिमीटर होतो. तोच शंभर मिलिमीटर चार तासांत पडला तर तासाला २५. सरकारी नोंदीत दोन्हीकडे आकडा एकच, महिन्याची सरासरीही एकच. शेताच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे पाऊस आहेत.

हा बदल फक्त ओट्यावरच्या गप्पांपुरता नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे आता अधूनमधून जास्त वाफ घेऊन उसळतात, हे त्यामागचं मुख्य कारण. दुसरीकडे देशाचा जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, मध्य भारतातला मध्यम पाऊस कमी होतोय आणि जोरदार पाऊस वाढतोय, दोन्ही मिळून सरासरी जवळपास जागेवर दिसते, असं शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. मध्यम पाऊस म्हणजेच आपली झड. सरासरी शाबूत दिसत राहिली आणि आतल्या आत झड गेली.

२०२३ चं उदाहरण ताजं आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस ३६ टक्के कमी. खान्देशात कपाशी माना टाकत होती. मग सप्टेंबरच्या मध्याला कमी दाबाचं क्षेत्र नर्मदा-तापीच्या अंगाने सरकत गेलं आणि दोन-तीन दिवसांत चित्र पालटलं. शेजारच्या नर्मदेला तर असा पूर आला की सरदार सरोवरातून सोडलेल्या पाण्याने भरूच-अंकलेश्वर बुडालं. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजेही उघडावे लागले. महिनाभर पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा शेतकरी आठवडाभरात पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे बघत होता.

सप्टेंबरचा जोरदार पाऊस आणखी एका कारणाने अंगावर येतो. तेव्हा कपाशी कैऱ्यांवर, म्हणजे हिरव्या बोंडांवर असते, मका आणि ज्वारी काढणीच्या जवळ, उडीद-मूग खळ्यावर. कैऱ्या सडतात, ज्वारी काळी पडते. जूनमध्ये जो पाऊस वरदान ठरला असता तो तेव्हा आलाच नव्हता. मृग कोरडा गेला, आर्द्रात घाईने पेरलं, उगवलं ते करपलं, दुबार पेरणी झाली. म्हणजे वर्षाचा हिशेब मांडला तर पाऊस शंभर टक्के, आणि पीक निम्मं.

काळी माती आणि अरुंद दार

आता पाऊस जमिनीवर पडल्यानंतरचं बघू, कारण खान्देशातला अर्धा पूर इथेच तयार होतो.

काळी कसदार जमीन हे आपलं वैभव. ती पाणी भरपूर धरते, पण घेते फार सावकाश. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांतून थेट खोल जातो, म्हणून मृगाचा पाऊस कितीही पडला तरी नाल्याला लवकर पाणी येत नाही. पण माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग तिची पाणी पिण्याची गती तासाला काही मोजक्या मिलिमीटरवर येते. त्याहून जोरात पडलेलं पाणी वरच्या वर वाहतं.

ही अवस्था रिकाम्या एसटीसारखी आहे. गाडीत जागा भरपूर, पण दार एकच आणि तेही अरुंद. प्रत्येक थांब्यावर पाच-दहा माणसं चढली तर सगळी बसतात. एकाच थांब्यावर दोनशे माणसं आली तर गाडी निम्मी रिकामी निघते आणि उरलेली माणसं रस्त्यावर. जोरदार पावसानंतर शेतात फूटभर खणून बघितलं तर खाली माती कोरडी निघते आणि बांध मात्र फुटलेला असतो, तो यामुळे.

किती पाणी वाहतं याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. एक एकर शेतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, एका एकरात. आता एखाद्या नाल्याचं पाणलोट क्षेत्र दहा चौरस किलोमीटर धरा. आपल्याकडे ते लहानच मानलं जाईल. त्यावर १०० मिलिमीटर पडला तर शंभर कोटी लिटर. त्यातलं निम्मं जरी तीन तासांत वाहून आलं तरी नाल्यातून सेकंदाला ४६ हजार लिटर पाणी जाणार. ज्या नाल्यावर आपण दोन नळ्या टाकून फरशी केलेली असते, त्या नाल्यातून. फरशी पुराने वाहून गेली असं आपण म्हणतो, पण ती बांधतानाच कुणी हा गुणाकार केलेला नसतो.

डोंगराच्या पायथ्याशी हे आणखी झटपट होतं. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसगावने हे अनुभवलं. अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरात मुसळधार पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला, आणि तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शहरात आणि खालच्या गावांत शिरलं. शेकडो जनावरं दगावली. डोंगरातून सपाटीवर येणाऱ्या या नद्यांची लांबी कमी आणि उतार जास्त, त्यामुळे पाऊस आणि पूर यांच्यात तासांचंच अंतर राहतं. सातपुड्याच्या बाजूला यावल-रावेरच्या नद्यांची कथाही हीच. रात्रीचा पाऊस असेल तर लोकांना उठायलाही वेळ मिळत नाही.

पुरासोबत माती जाते. शेत खरडून गेलं की भरपाई एका हंगामाची मिळते. तो थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागलेली असतात. ती माती जाऊन बसते धरणात, आणि धरणाची पाणी धरायची ताकद कमी करते. हतनूरमध्ये साचलेला गाळ हा वर्षानुवर्षांचा विषय आहे.

तापी उलटी वाहते, आणि पाऊस तिच्या बरोबर चालतो

महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात. तापी पश्चिमेला. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम, बऱ्हाणपूर, मग रावेर-भुसावळ, चोपडा, शिरपूर, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाई आणि सुरत. एकूण ७२४ किलोमीटर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठा, मधली खोलगट पट्टी म्हणजे आपला खान्देश.

पश्चिमेला वाहण्याचा पुराशी काय संबंध? फार जवळचा. पावसाळ्यात आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेकदा बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे येतो. ही क्षेत्रं ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असं करत पश्चिमेकडे सरकतात. गोदावरीच्या बाबतीत ती नदीच्या उलट दिशेने जातात: आधी खाली पाऊस पडतो, ते पाणी निघून जातं, मग वर पडतो. तापीच्या बाबतीत पाऊस नदीच्या सोबत चालतो. बैतूलला पडलेलं पाणी खाली यायला आणि पाऊस खान्देशावर यायला एकच गाठ पडू शकते. वरचा लोंढा येतो तेव्हा वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई याही भरून आलेल्या असतात. म्हणूनच कमी पावसाच्या मुलखातली ही नदी सुरतेपर्यंत इतकी भयानक होऊ शकते. २००६ च्या ऑगस्टात गुजरातमधल्या उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्यूसेक, म्हणजे सेकंदाला नऊ लाख घनफूट, पाणी सोडावं लागलं आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या पाण्यातलं बरंचसं आपल्या दारावरून गेलं होतं. तापीच्या खोऱ्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग महाराष्ट्रात आहे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ऊन पडलेलं असताना येणारा पूर. पूर्णा नदी अमरावती-अकोला-बुलढाण्याचं पाणी घेऊन चांगदेवला तापीला मिळते. तिकडे विदर्भात पाऊस झाला की इकडे काठावरचा माणूस म्हणतो, ‘आभायमा ढग नही नि नदीले पूर उना!’ आपल्या गावच्या आभाळाकडे बघून तापीचा अंदाज बांधता येत नाही. बऱ्हाणपूर आणि अकोल्याचा पाऊस बघावा लागतो.

दरवर्षी बातमी येते की हतनूरचे सगळे ४१ दरवाजे उघडले. ऐकून छातीत धस्स होतं. पण दरवाजांची संख्या फारसं काही सांगत नाही. ते अर्धा मीटर उचललेत की पूर्ण, हे महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचा क्यूसेकचा आकडा. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक लाख क्यूसेक पाणी चोवीस तास वाहिलं तर साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर जातं. हतनूरचा उपयुक्त साठाच सुमारे नऊ टीएमसी. म्हणजे असा पूर आला तर पूर्ण रिकामं धरणही एका दिवसात भरेल. ‘पाणी अडवून का नाही ठेवलं?’ या प्रश्नाचं उत्तर या भागाकारात आहे. खालचे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज तर पूर अडवण्यासाठी नाहीतच. पूर आला की त्यांचे दरवाजे उघडून पाणी पुढे जाऊ द्यायचं, एवढंच त्यांच्या हातात असतं.

धरण चालवणाऱ्यांची अडचण इथे नव्याने वाढली आहे. ऑगस्टअखेर धरण भरलेलं हवं, नाहीतर उन्हाळ्यात शहरांनी काय प्यायचं? पण भरलेल्या धरणात सप्टेंबरचा लोंढा घ्यायला जागा नसते. पाऊस पूर्वी जसा टप्प्याटप्प्याने यायचा तसा येत असता तर हे गणित जुळायचं. आता कोरडा ऑगस्ट बघून दरवाजे लावून बसावं, तर आठवड्यात दरवाजे उघडायची वेळ. वरच्या पाणलोटातल्या पावसाचा अंदाज बघून दोन दिवस आधीच धरणात जागा करणं हा त्यातला मार्ग, आणि अंदाज चुकला तर सोडलेलं पाणी परत येत नाही ही त्यातली जोखीम. दरवाजाच्या बटणाशी बसलेल्या अभियंत्याला शिव्या देणं सोपं आहे. त्याच्या खुर्चीत बसणं सोपं नाही.

पुराचं पाणी विहिरीत जाईल का?

इतकं पाणी वाहून जातं, मग ते जमिनीत का मुरवत नाही? हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर प्रत्येक गावासाठी वेगळं आहे.

खान्देशाचा बराच भाग काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसला आहे. या खडकात पाणी साठतं ते फटींत आणि कुजलेल्या थरात, फार थोडं. तो भरला की भरला. वरून कितीही पाणी ओता, मुरणार नाही. तापीच्या उत्तरेला चोपडा-यावल-रावेरचा पट्टा मात्र गाळाचा आहे, खूप खोलपर्यंत माती, वाळू आणि गोट्यांचे थर. केळीची श्रीमंती याच थरांतल्या पाण्यावर उभी राहिली, आणि उपसा इतका झाला की बोअर खाली-खाली जात राहिले. या पट्ट्याच्या वरच्या कडेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, गोटे-वाळूचा जो भाग आहे त्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. तिथे पाणी झपाट्याने खाली जातं. पुराचं पाणी कालव्यांनी या पायथ्यावरून फिरवून जमिनीत सोडायचं, अशी तापी महाकाय पुनर्भरण योजना वर्षानुवर्षं चर्चेत होती. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तिच्या करारावर सह्या केल्या. कल्पना भूगोलाला धरून आहे. प्रत्यक्षात येईल तेव्हा गाळ मिसळलेलं पुराचं पाणी त्या गोट्यांचे सांधे बुजवणार नाही, हे सांभाळावं लागेल.

शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून बंधारे घातले गेले आणि विहिरींची पातळी वर आली. त्याचा बोलबाला झाला, तो योग्यच. पण मग जिथे-तिथे जेसीबी लावण्याची लाट आली. खालचा थर कोणता आहे हे न बघता नाला खोल केला तर तो निव्वळ खड्डा होतो, कधीकधी तर शेजारच्या विहिरीचं पाणी ओढून घेणारा खड्डा. माझं मत स्पष्ट आहे: पोकलेनच्या आधी गावात भूवैज्ञानिक यायला हवा.

नदीतली वाळू हा याच प्रकरणाचा भाग. वाळू पाणी धरते, हळूहळू काठच्या विहिरींना देते. गिरणेतून वाळू गेली आणि उघडा खडक राहिला, तर पूर जास्त वेगाने धावतो आणि ओसरल्यावर मागे काही ठेवत नाही.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने वेगळी वाट धरली. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. झाडाच्या पाल्यावर आणि जमिनीवरच्या पाचोळ्यावर थेंबाचा जोर मोडतो, मुळांच्या वाटांनी पाणी खाली जातं. म्हणजे चार तासांच्या पावसाची जमिनीपुरती पुन्हा झड करून घ्यायची. साक्री-धुळ्याकडची पांझरेवरची जुनी फड पद्धतही अशाच बुद्धीची: नदीवर ठिकठिकाणी बुटके बंधारे, पाटाने पाणी, वाटणी गावाने ठरवायची, पाटकऱ्याने सांभाळायची. बंधारे बुटके असल्याने पूर वरून निघून जायचा आणि बंधारा टिकायचा. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांकडे हवामानाचं मॉडेल नव्हतं, पण नदी काय करते ते त्यांना ठाऊक होतं.

पाऊस मोजायचा कुठे?

भरपाईचा प्रश्न शेवटी पर्जन्यमापकावर येऊन थांबतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. मंडळाला केंद्र एक, गावं पंधरा-वीस. जुना झडीचा पाऊस तालुकाभर सारखा पडायचा, तेव्हा एका केंद्राने भागत होतं. आताचा पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो: मंडळाच्या गावी ४० मिलिमीटर आणि आठ किलोमीटरवर नाल्याच्या उगमाशी १२०, असं घडू शकतं. नुकसान खालच्या गावाचं, आणि कागदावर अतिवृष्टी नाही.

दुसरी उणीव चोवीस तासांच्या हिशेबाची. वर पाहिलं तसं, पूर ठरतो तासाच्या आकड्यावर. हवामान खातं तासाला १०० मिलिमीटर पावसाला ढगफुटी म्हणतं. वर्तमानपत्रांतल्या बहुतेक ढगफुट्या त्या मापाच्या नसतात. पण काळ्या, भिजून फुगलेल्या जमिनीवर तासाला ३० मिलिमीटर दोन तास पडला तरी नाल्यापलीकडची वस्ती तुटते. मंडळांतली स्वयंचलित केंद्रं सतत नोंद घेतात. ती तासागणिक माहिती तहसीलच्या संगणकात पडून न राहता नदीकाठच्या सरपंचांच्या मोबाईलवर गेली पाहिजे.

तोवर गावाला स्वतः मोजता येतं. सपाट तळाचा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा डबा मोकळ्या जागी ठेवायचा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. साठलेलं पाणी पट्टीने मोजायचं. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. पाऊस चालू असताना दर तासाला मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. नाल्याच्या वरच्या अंगाच्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेत किंवा अंगणवाडीत हे काम कुणी घेतलं, आणि तासाला २५ च्या वर गेलं की खालच्या दोन-तीन गावांना फोन करायचा एवढं ठरलं, तर गोठ्यातली दावी सोडायला अर्धा-पाऊण तास हाती येतो.